गोळी फुकट, ताप महाग

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गडचिरोलीच्या हिवतापावर, म्हणजे मलेरियावर, माझे दोन पानी टिपण आले आणि त्याखाली संपादकांनी मला न विचारता 'वाचकांनी प्रश्न पाठवावेत' अशी ओळ टाकून दिली. आता चाळीसेक पत्रे आणि मोबाइलवरचे निरोप माझ्या पुढ्यात आणून ओतले आहेत. सगळ्यांना उत्तर देणे जमणार नाही, निवडक घेतो. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो, मुख्यतः एटापल्ली आणि धानोरा या बाजूला. गावात मला कोणी नावाने ओळखत नसे, 'स्लाइडवाले आले' म्हणत. तेव्हा गोळ्यांचे प्रमाण माझ्याकडून विचारू नका, ते दवाखान्यातच विचारा.

प्रश्न : मी पुण्यात समाजकार्याचे शिक्षण घेते. मलेरियाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, औषध फुकट, मच्छरदाणीही फुकट मिळते. मग मलेरियामुळे कुटुंबे कर्जात जातात असे तुम्ही का लिहिले? – एक विद्यार्थिनी, पुणे

बेटा, तुझ्या प्रश्नात तीनदा 'फुकट' आले आहे आणि तिन्ही वेळा ते खरे आहे. मी तुला एकाच घराचा हिशेब देतो, तोही माझ्या डोळ्यांसमोर झालेला. साल २०१६, ऑगस्ट. एटापल्ली तालुक्यातला चौदा घरांचा टोला. आम्ही रक्तनमुने घ्यायला गेलो होतो आणि एका घराच्या पडवीत बसून मी त्या घरधन्याला खोदून खोदून विचारले. माझ्या जुन्या डायरीत ते पान अजून आहे.

घरची दोन एकर धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, तयार. रोवणी, म्हणजे भातलावणी, ही अशी गोष्ट आहे की ती तुमच्या सोयीने होत नाही. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले, बांधीत पाणी साचले, की आठ दिवसांत हात उरकावा लागतो. पऱ्हे जून झाले की फुटवे कमी येतात आणि शेत पोटभर पिकत नाही. नेमकी त्या सोमवारी बायकोला कणकण आली. पहिला दिवस तिने तशीच चिखलात उभी राहून काढला. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. आशाताई तालुक्याला बैठकीला गेलेल्या, तपासणीचे किट त्यांच्याच पिशवीत. तिसऱ्या दिवशी गावच्या पुजाऱ्याकडून उतारा झाला, एक कोंबडी गेली. (पुजाऱ्याला नावे ठेवू नकोस. तो रात्री दोन वाजताही दारात येतो, आमचे तसे नव्हते.) चौथ्या दिवशी नवऱ्याने रोवणी सोडली, तिला डोंग्यातून नदीपार नेले आणि पुढे जीप केली. बाजाराच्या गावात एक बिनडिग्रीचा डॉक्टर बसतो, त्याने दोन सलाइन आणि एक सुई लावली, ११०० रुपये घेतले. ताप संध्याकाळी उतरला, पहाटे पुन्हा चढला. सहाव्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली. किटवर फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाची जिवावर बेतणारी जात, निघाला, गोळ्या मिळाल्या, खरोखर फुकट.

डोंगा आणि जीप ७००, तो डॉक्टर ११००, दोघांचे बाहेरचे खाणे २५०, कोंबडी ४०० धर. हातचे २४५० रुपये गेले, आणि हातात नव्हतेच, म्हणून किराणा दुकानदाराकडून घेतले. व्याज म्हणून त्याला धान निघाल्यावर धान द्यायचे. तिचे बारा दिवस कामाविना गेले, त्याचे सहा. त्या साली तिकडे मजुरी २०० रुपये होती, म्हणजे ३६०० हे. पण खरा मार पुढे आहे. आमच्याकडे 'आज तुमच्या बांधीत, उद्या माझ्या' अशी मजुरीची फेड चालते. हा माणूस दोघांच्या बांधीत गेला नाही, म्हणून ते दोघे याच्या बांधीत आले नाहीत. अर्धी रोवणी बारा दिवस उशिरा झाली. डिसेंबरात मी पुन्हा गेलो तेव्हा चुरणी, म्हणजे धानाची मळणी, झालेली होती. दरवर्षीपेक्षा चार पोती कमी भरली, आणि त्यातून दुकानदाराचे वेगळे मोजून द्यायचे होते.

आणखी एक. घरातला मोठा मुलगा सहावीत होता. आई खाटेवर, बाप दवाखान्यात, म्हणून तो नऊ दिवस धाकट्या बहिणीला सांभाळत घरी राहिला. त्या नऊ दिवसांसाठी माझ्या डायरीत रकानाच नव्हता, मी ते पानाच्या कोपऱ्यात लिहिले.

शासकीय नोंदवहीत या सगळ्याची एक ओळ आहे: नाव, वय, पीएफ (म्हणजे फाल्सिपेरम) पॉझिटिव्ह, उपचार पूर्ण. आम्ही हिवताप मोजतो तो दर हजार लोकांमागे वर्षाला किती रुग्ण, असा. रुग्ण मोजले जातात, दिवस मोजले जात नाहीत. आणि हिवतापाची खोड अशी की तो रिकामटेकड्या दिवसांत येत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला व्हायव्हॅक्स ही दुसरी जात जास्त, आणि पाऊस सरता सरता फाल्सिपेरम डोके वर काढतो. याला शेतीचे आणि जंगलाचे पंचांग लावून बघ. मार्च-एप्रिल मोहफुले, मे तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्ट रोवणी, ऑक्टोबरपासून कापणी. यातला कोणता महिना आजारी पडायला मोकळा आहे?

तेंदूचेच घे. सत्तर पानांचा एक पुडा, आणि शेकडा पुड्यांवर मजुरी. हंगाम मेमधले थोडे दिवस. वर्षभरात हातात रोख पैसा म्हणून येतो तो यावेळी, त्यातच पोरांचे कपडे, बियाणे, लग्नाचा खर्च. अख्खे घर पहाटे चारला जंगलात, दुपारी पुडे बांधायचे, सांजच्या पारी फळीवर, म्हणजे पाने गोळा करतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. यात पाच दिवस ताप आला तर ते पाच दिवस जूनमध्ये भरून काढता येत नाहीत, पाने तोवर निबर झालेली असतात.

तू गावात गेलीस तर 'आजारपणात किती खर्च आला' असे विचारू नकोस. लोक 'काही नाही, सरकारी होते' म्हणतील आणि तू तसे लिहून घेशील. 'त्या दिवसांत शेतात काय चालू होते आणि ते कोणी केले' असे विचार. मग बस तासभर.

प्रश्न : आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा धुरळणी होते तरी दोन जणांना मलेरिया झाला. तुमच्याकडे तर जंगल आहे, तिथे किती धूर मारत असतील! – एक वाचक, नवी मुंबई

भाऊ, धुराने उडता डास पडतो, पाण्यातली अळी हसत राहते. तुमच्याकडचा मलेरियाचा डास, अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी, गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटाराशी त्याचे देणेघेणे नाही. टाकीचे झाकण बघा आणि शेजारी इमारत उभी राहत असेल तर तिथल्या मजुरांच्या तापाची चौकशी करा. आमच्याकडचे डास वेगळे. क्युलिसिफेसीस धानाच्या बांधीत आणि नदीच्या पात्रातल्या डबक्यांत, फ्लुविअ‍ॅटिलिस डोंगरातून हळू वाहणाऱ्या ओढ्याच्या काठाने, गवताच्या सावलीत. ओढ्याला झाकण कुठून लावणार?

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. आरोग्य पथकाने सर्व मुलांची तपासणी केली. अकरा मुले पॉझिटिव्ह निघाली, पण एकालाही ताप नव्हता, सगळी मैदानावर खेळत होती. पालक विचारतात, ताप नाही तर गोळी कशाला? मला नीट सांगता आले नाही. – एक शिक्षिका, जि. गडचिरोली

बाई, हा प्रश्न मला सगळ्या गठ्ठ्यात जास्त आवडला, कारण नोकरीची पहिली दहा वर्षे मलाही हे पटत नव्हते. मी ताप असलेल्यांच्याच स्लाइडी बघत होतो, म्हणून मला वाटे जंतू म्हणजे ताप. एकदा एका गावात सर्वांचेच रक्त घेतले, तापवाले आणि बिनतापवाले. संध्याकाळी उपकेंद्रात बसून पाहू लागलो. ज्या म्हाताऱ्याने आम्हाला दुपारी ताडी पाजली आणि रेला गाण्याच्या दोन ओळीही म्हणून दाखवल्या, त्याच्या रक्ताच्या जाड ठिपक्यात शंभर फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) पालथी घातल्यावर तीन चंद्रकोरी सापडल्या. फाल्सिपेरमची डासाकडे जाणारी अवस्था अशी दिसते, केळ्यासारखी वाकडी, मध्ये तपकिरी दाणे. म्हाताऱ्याला ताप नाही, खोकलासुद्धा नाही. पण त्या रात्री त्याला चावलेला डास दहा-बारा दिवसांनी कोणाच्या तरी नातवाला चावणार होता.

असे का होते ते सांगतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप आहे तिथे लहानपणापासून माणसाला जंतू वारंवार भेटतात. पहिली काही वर्षे फार वाईट जातात. जे तगतात त्यांच्या शरीराला जंतूची ओळख होते आणि ते त्याला दाबून ठेवायला शिकते, पण हाकलत नाही. जंतू थोडे राहतात, ताप येत नाही. तेच तुमच्या-माझ्यासारखा बाहेरून आलेला माणूस एका चावण्यात आडवा होतो. म्हणून गावकऱ्यांना वाटते की हा शहरवाल्यांचा आजार आहे.

शेजारच्या बस्तरमध्ये जानेवारी २०२० पासून 'मलेरियामुक्त बस्तर' मोहिमेत घरोघर जाऊन प्रत्येकाची तपासणी केली, ताप असो नसो. पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना काहीच लक्षण नव्हते. आमची आणि त्यांची सीमा म्हणजे कुठे नदी, कुठे नुसती पायवाट. लग्ने इकडून तिकडे होतात, बाजार एकच भरतो. त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडे नाही असे धरून चालणे हा भाबडेपणा आहे.

आता पालकांना काय सांगायचे. मी चुलीचे उदाहरण देत असे. रात्री राख सारून निखारा झाकतो, धूर दिसत नाही, आच लागत नाही. पण सकाळी शेजारीण त्याच चुलीतून विस्तव नेते. हे त्यांना लगेच समजते, कारण रोज घरात घडते.

दुसरी गोष्ट तुम्ही वर्गात स्वतः पाहू शकता. 'काही त्रास नाही' हे अर्धेच खरे असते. जंतू तांबड्या पेशीत राहतो आणि ती फोडून बाहेर येतो. थोडे थोडे रक्त महिनोन्‌महिने झिजते. त्या अकरा मुलांच्या पापण्या आतून ओढून बघा, नखे बघा. दुपारच्या तासाला कोण डुलकी घेतो, कबड्डीत दम कोणाला आधी लागतो. जुने डॉक्टर मुलाला उताणे निजवून डाव्या बरगडीखाली बोटे घालत, पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का बघत. शंभर मुलांत किती जणांची पाणथरी वाढली यावरून गावाचा हिवताप जोखत, स्लाइड न पाहता. ज्या मुलाला आपण 'अभ्यासात मंद' म्हणून मागच्या बाकावर बसवतो त्याचे हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्यावे. शिक्षकांवर टीका करत नाही, माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या बाबतीत आम्ही हेच केले.

तुमच्या वरच्या वर्गातल्या मुलींची लग्ने लवकर होतात म्हणून हेही सांगून ठेवा. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या खेपेला, फाल्सिपेरम वारेत दडी मारून बसतो. बोटाच्या रक्तात कधी दिसतो, कधी दिसत नाही. बाईचे रक्त कमी होते आणि मूल कमी वजनाचे जन्मते. ताप नसला तरी गरोदर बाईची तपासणी करायची ती यासाठी. आणि त्यांना गोळ्या वेगळ्या असतात, घरातल्या दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत.

प्रश्न : गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला, ताप गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा किट केली तर परत पॉझिटिव्ह. लोक म्हणतात तुमच्या गोळ्या नकली. – एक आशा स्वयंसेविका

ताई, गोळ्या खऱ्या आहेत. फाल्सिपेरमची किट जंतूला पकडत नाही, जंतूने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाला पकडते. जंतू मेले तरी ते प्रथिन काही आठवडे रक्तात फिरत राहते आणि रेघ उमटते. पाहुणा गेला तरी अंगणात त्याच्या बैलाचे शेण दिसते, तसे. उपचारानंतर पाहायचे असेल तर स्लाइडच काढा. मात्र ताप पुन्हा आला असेल तर किटशी वाद घालत बसू नका, माणूस दवाखान्यात पाठवा.

आणि किटचा डबा पत्र्याखाली टांगू नका. मेमध्ये तिथे भाकरी भाजेल.

प्रश्न : माझे पती पोलीस दलात आहेत. भामरागडकडील पोलीस मदत केंद्रात असताना त्यांना मलेरिया झाला, बरा झाला. नागपूरला बदली झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा थंडीताप आला. इथे तर डासही नाहीत. मग कुठून आला? – एक वाचक, नागपूर

ताई, बहुतेक त्यांनी तो सोबतच आणला. मलेरिया दोन मुख्य जातींचा. तुमच्या पत्रात जात लिहिलेली नाही, पण तीन महिन्यांनी नव्या डासाशिवाय उठला म्हणजे व्हायव्हॅक्सचा संशय घ्यावा. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातले मारतात, ताप जातो, माणूस उठून कामाला लागतो. झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन असते, चौदा दिवस रोज. आता तुम्हीच सांगा, ताप तिसऱ्या दिवशी गेल्यावर चौदाव्या दिवसापर्यंत गोळी कोण खाते? गस्तीवरचा माणूस तर नाहीच. पाचव्या-सहाव्या दिवशी पाकीट पिशवीच्या तळाशी जाते. घरी पिशवी झटकून बघा, सापडेल.

पण म्हणून दुकानातून आणून लगेच सुरू करू नका. जी-सिक्स-पीडी नावाचा एक घटक काही जणांच्या रक्तात जन्मतः कमी असतो, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. गोळी सुरू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. आधी तपासणी करून घेतलेली बरी. डॉक्टरांना 'गडचिरोलीत होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. शहरातला डॉक्टर पावसाळ्यात डेंग्यूकडे आधी बघतो, त्यात त्याची चूक नाही.

तुमच्या यजमानांना बरे वाटो. मनात आले ते लिहितो, राग मानू नका. त्यांच्या तापाला पगारी रजा आहे. त्यांच्यासोबत त्याच जंगलात वाट दाखवायला जो गावचा माणूस चालत होता, त्यालाही हेच डास चावले असणार, आणि त्याचा तीन महिन्यांनी उलटलेला ताप बरोबर कापणीत पडला असणार.

प्रश्न : माझे वय ७८. आमच्या तरुणपणी डीडीटी मारून मलेरिया संपवला होता. मग तुमच्या खात्याने पुन्हा कसा आणला? – एक ज्येष्ठ वाचक, चंद्रपूर

काका, टोमणा पोहोचला. १९५३ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत तो लाखभर रुग्णांवर आला. मग सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, पैसा आणि माणसे दुसरीकडे वळली, डास डीडीटीला सरावला, जंतू क्लोरोक्विनला सरावला. १९७६ मध्ये ६४ लाखांवर रुग्ण. तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे तो आणण्यात माझा हात नाही.

भिंतीवरच्या फवाऱ्याचे आमच्याकडचे दुखणे वेगळेच. फवारा मारून गेल्यावर भिंतीवर पांढुरके डाग पडतात, वास येतो. दिवाळी तोंडावर. बाई काय करणार? पांढऱ्या मातीने भिंत सारवते. औषध मातीच्या खाली, डास मातीच्या वर. शिवाय कुडाच्या भिंतीला निम्मी फट. वर्षानुवर्षे आम्ही 'लोक सहकार्य करत नाहीत' असे अहवालात लिहिले. फवारणीची तारीख सारवणाच्या आधी की नंतर, हे गावातल्या एकाही बाईला विचारल्याचे मला आठवत नाही.

प्रश्न : सिकलसेल असणाऱ्याला मलेरिया होत नाही, हे खरे का? – एक वाचक, आरमोरी

अर्धे. सिकलसेलचा नुसता वाहक असेल, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच तो दोष आला असेल, तर त्याला फाल्सिपेरमचा जीवघेणा प्रकार होण्यापासून बरेच संरक्षण मिळते. जंतू शिरतो, पण माजत नाही. म्हणूनच जिथे मलेरिया जुना, तिथे सिकलसेल टिकला. पण ज्याला दोघांकडून आला, जो प्रत्यक्ष रुग्ण आहे, त्याला साधा मलेरियाही महागात पडतो. त्याच्या घरात 'आपल्याला होत नाही' म्हणून कोणी मच्छरदाणी सोडली असेल तर आजच बांधायला सांगा.

प्रश्न : १९९० च्या दशकात माझ्या मामाच्या रक्ताचा निकाल तीन आठवड्यांनी आला. तोवर मामा गेले होते. तुम्ही लोक त्या वेळी काय करत होता? – एक वाचक (गाव छापू नये)

तुमच्या मामांची स्लाइड माझ्या टेबलावर आली होती का, हे मला सांगता येणार नाही. पण अशा स्लाइडी आल्या होत्या. तेव्हाची पद्धत अशी: आरोग्य सेवक गावात जाई, तापवाल्याच्या बोटाला टोचून काचेवर एक जाड ठिपका, एक पातळ थर. पातळ थरावर शिसपेन्सिलीने नंबर. तिथल्या तिथे क्लोरोक्विनच्या गोळ्या हातावर. स्लाइडी कागदात बांधून, कधी सायकलने, कधी एसटीच्या कंडक्टरकडे देऊन आमच्याकडे. नाल्याला पूर आला की गठ्ठा अलीकडच्या गावात आठ दिवस अडकून पडायचा. न रंगवलेल्या ठिपक्यावर मुंग्या आणि झुरळे जमतात, रक्त चाटून काच लख्ख करतात. असे गठ्ठे मी उघडले आहेत, ज्यात नंबर शिल्लक आणि रक्त गायब.

१९९७ चा सप्टेंबर. सोबतचा तंत्रज्ञ बदलून गेलेला, जागा रिकामी, माझ्यासमोर दोन हजारांवर स्लाइडी साठलेल्या. दिवसाला साठ-सत्तर नीट बघून होतात, त्यापुढे डोळा खोटे बोलतो. मी तारखेप्रमाणे बघत होतो, जुन्या आधी. एका दुपारी एका मुलीची स्लाइड लावली, वय ११. तेलाचा थेंब टाकला, आणि पहिल्याच फील्डमध्ये अंगठ्याच अंगठ्या. निळी कडी, त्यावर लाल खडा, फाल्सिपेरमची कोवळी अवस्था अशी दिसते. रक्त घेतल्याची तारीख पाहिली, १९ दिवसांपूर्वीची. मी काचेवर पाहत होतो ते १९ दिवसांपूर्वीचे तिचे रक्त. पहिल्या दिवशी दिलेल्या क्लोरोक्विनला तिकडचा फाल्सिपेरम केव्हाच जुमानेनासा झाला होता. म्हणजे आज तिच्या अंगात चंद्रकोरी तयार झालेल्या असणार आणि गावभरचे डास त्या पीत असणार, हे मला त्या खुर्चीत बसून कळत होते.

मी स्वतः सेवकासोबत दुसऱ्या दिवशी गेलो. मुलगी जिवंत होती. हाडांवर कातडे, पण जिवंत. बापाने तिला तोवर चार ठिकाणी फिरवून आणले होते आणि दावणीला एकच बैल होता. दुसरा बाजारात गेला होता. एका बैलाने नांगर चालत नाही, तुम्हाला ठाऊक असेल. त्याने मला पाणी दिले, शिव्या दिल्या नाहीत. त्या पावसाळ्यात त्या टोल्यावर आणखी सात जणांना फाल्सिपेरम निघाला. एका तापापासून दुसऱ्या तापापर्यंत महिना-सव्वा महिना जातो, त्या सातांच्या तारखा मी जुळवून पाहिल्या. जुळत होत्या.

रिक्त पदे, पूर, रस्ते, सगळे खरे. पण ताजा गठ्ठा आधी बघ, जुना मागे ठेव, एवढे ठरवायला मला कोणाचा आदेश लागत नव्हता. त्यानंतर मी तसेच केले. आज आशाताईच्या पिशवीतली किट पंधरा-वीस मिनिटांत निकाल देते. ती पहिल्यांदा हातात आली तेव्हा आमच्यातल्या काहींना वाटले, आता आपली नोकरी गेली. मला तो सप्टेंबर आठवला.

प्रश्न : सरकारी मच्छरदाणी किती वेळा धुवावी? आणि धानाच्या राखणीला रात्री मचाणावर जागलीला जातो, तिथे ती कशी लावायची? मागच्या वर्षी डुक्कर आले तेव्हा मी तिच्यातच गुंडाळला गेलो. – एक शेतकरी, ता. कोरची

भाऊ, औषध लावलेली मच्छरदाणी साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीनेक वर्षे काम देते. नदीत नेऊन दगडावर आपटू नका. घमेल्यात गार पाणी, अंगाचा साबण, हलक्या हाताने, आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात औषधाचा जोर जातो. मासे धरायला किंवा कोंबड्या झाकायला ती वापरतात हे मला माहीत आहे, फाटकी झाल्यावर कोंबड्या झाकायला खुशाल वापरा, पण मासे धरायला मात्र फाटकीही नको, औषध पाण्यात उतरते.

मचाणावर लावायची तर आढ्याची वाट बघू नका. मचाणाच्या चार कोपऱ्यांना कमरेएवढे चार बांबू उभे बांधा, बसल्यावर डोके वर लागणार नाही इतपत. मच्छरदाणीची खालची कड तणसाखाली किंवा सतरंजीखाली दाबून घ्या, नाहीतर डास खालून, फळ्यांच्या फटीतून येतो. तीन कोपरे पक्के बांधा, पळसाच्या मुळ्यांच्या वाकाची दोरी चालेल. चौथा कोपरा, ज्या बाजूने तुम्ही उतरता तो, सरगाठीने बांधा, बैल बांधताना मारतो तशी, एका ओढीत सुटणारी. टोक उशाशी ठेवा. डुकराची चाहूल लागली की एक ओढ, बाजू खाली, तुम्ही बाहेर.